हिरवा पट्टा

“...मग तो पट्टा मी खरवडून काढू का, बुवा? काढला म्हणजे सुटेन का मी यातून?”

निरंजनबुवा गवारीच्या शेंगा मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

निंबसर गावाबाहेरच्या टेकडीवर त्यांचा लहानसा मठ. ऐन उमेदीची चाळीस वर्षं हा माणूस पायी फिरला होता. गुडघे गेले तेव्हा या टेकडीवर थांबला, तो थांबलाच. आता वय चौऱ्याऐंशी.

समोर बसला होता विद्याधर आवटी, नगरपरिषदेचा अभियंता. कॉलेजात होता तेव्हा दर गुरुवारी मठात यायचा. बुवांशी तावातावानं वाद घालायचा आणि शेवटचा शब्द आपलाच ठेवून जायचा. नोकरी लागली आणि येणं सुटलं. आज बारा वर्षांनी पायऱ्या चढून आला होता.

“कसला पट्टा?” बुवांनी विचारलं.

आवटीला ते लागलं. सगळ्या जिल्ह्यातून लोक बघायला येतात, आणि बुवांना ठाऊक नाही?

“सायकलींचा. मोठ्या रस्त्याच्या कडेनं, बसस्टँडपासून थेट तळ्यापर्यंत. हिरवा रंग दिलाय. तळ्याभोवती चालायला फरसबंदी केली, बाकं टाकली. मुलांसाठी बाग केली. आपल्याएवढ्या गावात एवढं कुठेच नाही, बुवा. मुंबईला बोलावून सत्कार केला माझा.”

“लोक चालतात?”

“चालतात की. सकाळी तळ्यावर गर्दी असते.”

“तळ्यापर्यंत कसे येतात?”



“...गाडीनं.”

बुवांनी आणखी एक शेंग मोडली.

“हिंगमिरे पोस्टमन माहीत होते तुम्हाला?” आवटीनं विचारलं.

“सायकल खाली लावून वर यायचा. मला पत्रं कोण लिहिणार? नुसता पाणी पिऊन जायचा.”

“ते गेले.”

“माहीत आहे.”

“माझ्या पट्ट्यात गेले, बुवा.”

...

मग आवटीनं सगळं सांगितलं. मान खाली घालून, एका दमात.

बसस्टँडच्या मागून पाटाच्या कडेनं एक जुनी पायवाट होती. सावलीची. बाजारच्या बायका, शाळेतल्या मुली, सायकलवाले, सगळे तिथूनच जायचे. हिंगमिरे तीस वर्षं तिथूनच टपाल वाटायला निघायचे. बाग करायची ठरली तेव्हा बागेला भिंत हवी होती, आणि भिंत घातली की पायवाट बंद होणार होती.

हिंगमिरे ऑफिसात आले होते. टोपी हातात धरून दारातच उभे राहिले. म्हणाले, “साहेब, पाटाची वाट तेवढी राहू द्या.”

“मी त्यांना खुर्ची दिली, बुवा. चहा दिला. नकाशा उघडून दाखवला. म्हटलं, काका, आता मागच्या वाटेनं कशाला जाता? तुमच्यासाठी हमरस्त्यावर जागा केली आहे. तुम्ही पुढे व्हा, तुम्हाला बघून बाकीचे येतील.”

“मग?”

“...पुढे झाले ते. उद्घाटनाला सगळ्यांच्या पुढे त्यांचीच सायकल होती. नंतरही रोज पट्ट्यातूनच जायचे. मला बघितलं की घंटी वाजवायचे.”

चार महिने गेले. एका सकाळी थंड पेयांचे क्रेट उतरवायला एक टेम्पो पट्ट्यातच उभा राहिला. रोजच राहायचा. हिंगमिरे त्याला वळसा घालायला रस्त्यावर आले. मागून खडीचा डंपर आला.

बुवांचे हात थांबले होते.

“माप चुकलं नव्हतं, बुवा,” आवटी म्हणाला. “नियमानं जेवढी रुंदी लागते तेवढी होती. इंचभर जास्तच. मी स्वतः टेप लावून मोजली.”

“कधी मोजलीस?”

आवटीनं परातीतली एक शेंग उचलली, परत ठेवली.

“कधी मोजलीस, विद्याधर?”

“...त्याच दिवशी. त्यांना उचलून नेल्यावर.”

खाली गावात कुणीतरी कर्कश्श हॉर्न वाजवत गेलं. बराच वेळ तो वाजत राहिला.

“घरी गेला होतास त्याच्या?”

“नाही.”

“किती दिवस झाले?”

“एकवीस.” आवटी म्हणाला. “कुठल्या तोंडानं जाऊ? माणसं चालावीत, फिरावीत, मोकळ्या हवेत जरा बसावीत, एवढंच मनात होतं माझ्या. खोटं सांगत नाही, बुवा. एवढंच होतं. आता त्या रस्त्यावरून गाडी नेताना मी पट्ट्याकडे बघत नाही. काहीतरी सांगा मला. प्रायश्चित्त सांगा, उपास सांगा, काहीही सांगा. मी करतो.”

बुवांनी शेंगांची परात बाजूला सारली. भिंतीला धरून, दोनदा प्रयत्न करून ते उठले. काठी घेतली.

“चल.”

“कुठे?”

“हिंगमिऱ्याच्या घरी.”

“बुवा, तुमचे गुडघे... गाडी आहे माझी खाली.”

बुवा पहिली पायरी उतरले होते.

गाडीपाशी आल्यावर आवटीनं दार उघडून धरलं. बुवा त्या दारापुढून निघून गेले. आवटीनं ते लावलं आणि मागोमाग चालू लागला.

जेमतेम अर्ध्या मैलाचं अंतर. तासाहून जास्त लागला.

फूटपाथ होता, पण त्यावर चपलांचा ठेला होता, पुढे वाढदिवसाचा फ्लेक्स, त्याच्या पुढे वाळूचा ढीग. बुवा एकेक पाऊल खाली उतरायचे, पुन्हा वर चढायचे. चढताना दर वेळी तोंडातून बारीकसा आवाज निघायचा. आवटीनं हात पुढे केला की ते धरायचे, आणि लगेच सोडायचे.

हिरवा पट्टा लागला. आवटीनं तो कागदावर शंभर वेळा पाहिला होता, गाडीच्या काचेतून कितीदा पाहिला होता. पायाखाली आज पहिल्यांदा आला. त्यावर मोटारसायकली ओळीनं लावलेल्या होत्या. एका ठिकाणी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आणि चार खुर्च्या. रंग बहुतेक उडालाच होता.

“साहेब, आज चालत?” गुऱ्हाळवाल्यानं हसून विचारलं. “गाडी बिघडली वाटतं!”



पुढे एक टेम्पो पट्ट्यातच उभा होता. तोच होता की दुसरा, आवटीला सांगता आलं नसतं. बुवा त्याच्या मागे येऊन थांबले. डावीकडे उघडी गटार, उजवीकडे धावता रस्ता. वळसा घालावाच लागणार होता.

बुवांनी वळून आवटीकडे पाहिलं.

आवटी रस्त्याकडच्या बाजूला झाला. बुवांना आत घेतलं आणि टेम्पोला घासून दोघं पुढे सरकले. एक बस त्याच्या खांद्याजवळून गेली. तिच्या वाऱ्यानं त्याचा शर्ट फडफडला. पलीकडे पोचल्यावर त्यानं मागे वळून पाहिलं. दहा-बारा पावलं होती फक्त.

“बुवा...” तो म्हणाला. 

बुवा चालत राहिले.

हिंगमिऱ्यांचं घर रस्त्याच्या पलीकडे होतं. निळ्या दाराचं, कौलारू. पुढे एवढासा ओटा. ओट्यावर एक बाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. हिंगमिऱ्यांची बायको, इंदूबाई.

दोघं अलीकडच्या कडेला उभे राहिले.

डंपर गेला. मागोमाग दुसरा. मग मोटारसायकलींचा लोंढा, ट्रॅक्टर, पुन्हा डंपर. बुवा एक पाऊल पुढे टाकायचे, काठी मागे घ्यायचे. किती वेळ गेला कोण जाणे. एकदा थोडी फट मिळाली. बुवा उतरले, पण दोन पावलांत गुडघ्यानं दगा दिला. आवटीनं त्यांना मागे ओढलं. हॉर्न वाजवत, शिवी देत कुणीतरी निघून गेलं.

देशभर पायी फिरलेला माणूस रस्त्याच्या कडेला मातीत बसला. धापा टाकत होता.

“जमत नाही रे,” बुवा म्हणाले. “मला नाही आता जमत.”

असं बोलताना त्यांना आवटीनं कधी ऐकलं नव्हतं.

इंदूबाईंचं लक्ष गेलं. त्या उभ्या राहिल्या. आधी त्यांनी बुवांना ओळखलं, मग शेजारच्या माणसाला. बराच वेळ त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या.

आवटीनं हात जोडले.

मग तो एकटाच रस्त्यावर उतरला. उजवीकडे पाहिलं नाही, डावीकडे पाहिलं नाही. त्या निळ्या दाराकडे पाहत निघाला.

इंदूबाईंच्या हातातलं सूप खाली पडलं. त्या धावत ओट्याच्या कडेला आल्या. दोन्ही हात पुढे करून, मान जोरजोरानं हलवत काहीतरी ओरडल्या. मध्ये बस आली. एकही शब्द ऐकू आला नाही. बस गेली तरी त्यांचे हात तसेच होते. मागे हो, मागे हो...

आवटी मागे झाला.

इंदूबाई क्षणभर तशाच उभ्या राहिल्या. मग पदर तोंडाला लावून आत गेल्या. निळं दार बंद झालं.

ओटाभर तांदूळ सांडला होता.

आवटी बुवांच्या शेजारी मातीत बसला. दोघांच्या अंगावर धूळ उडत होती.

“बघितलंत?” तो म्हणाला. “उंबऱ्याशीही येऊ दिलं नाही मला. तोंड बघायचं नाही त्यांना माझं. बरोबरच आहे. एवढा राग असणारच.”

बुवा दाराकडे पाहत होते. त्यांचे डोळे भरले होते.

...

“राग नव्हे रे. तुझ्या अंगावर गाडी येईल म्हणून भ्याली ती.”