तुळशाने सूड पुरा केला

एका गावात एक भोळा टोपल्या विणणारा होता. नाव तुळशीराम, पण एवढं लांब नाव त्याच्यावर वाया जातं म्हणून गाव त्याला तुळशा म्हणे. टोपल्या मात्र झकास विणायचा.

तुळशाचं लग्न ठरलं होतं. शेजारच्या गावच्या शिरपतरावांची सगुणा. बाजारात तिने त्याच्याकडून एक टोपली घेतली होती आणि "छान विणलीय हो," असं म्हणाली होती. तेव्हापासून तुळशाला अन्न गोड लागत नव्हतं. म्हणजे जेवायचा तेवढाच, पण मधेच घास हातात धरून हसत बसायचा.

आणि नेमकं तेव्हाच दगडू नावाच्या टवाळाने भर बाजारात त्याची टोपी उडवून विहिरीत टाकली. तुळशाने वाकून पाहिलं. "तरंगतेय," म्हणाला आणि बोडक्याने घरी आला.

ही गोष्ट शिरपतरावांच्या कानावर गेली. शिरपतराव जुने पैलवान. त्यांनी निरोप धाडला, "अपमान गिळून बसणाऱ्याला मी पोरगी देत नसतो. जावई तिखट पाहिजे."

तुळशाच्या आईला वाटलं, असं स्थळ पुन्हा कुठून यायचं? तिने तुळशाला समोर बसवलं.

"आरं, कुणी काही केलं की तिथल्या तिथं परतफेड करावी. अन् त्यानं केलं त्याच्या दुप्पट करावी. तरच तुझं लगीन व्हतंय."

"बरं आई," तुळशा म्हणाला. बरं म्हणण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता.

दुसऱ्या दिवशी तो न्हाव्याकडे गेला. न्हाव्याने त्याची दाढी केली. तुळशा उठला, वस्तरा हातात घेतला, न्हाव्याला खाली बसवलं आणि त्याची दाढी केली. मग दुप्पट म्हणून मिशीही काढली. ती मिशी न्हाव्याने तूप लावून लावून वाढवली होती. तो तोंडावर पंचा धरून तुळशाच्या आईकडे आला आणि पंचा बाजूला करून नुसता उभा राहिला. सांगायची काही गरजच नव्हती.

आईने कपाळाला हात लावला. "आरं, त्याचं कामच हाय ते! आधी विचारावं, मुद्दाम केलं का म्हणून. मुद्दाम केलं म्हणाला, तरच परतफेड करावी."

"बरं आई."

तिकडे मिशीची बातमी ऐकून शिरपतराव खूश झाले. "तिखट निघाला गडी!" म्हणाले आणि त्यांनी लग्नाची तारीख पक्की केली.

लग्न जवळ आलं तशी केळवणं सुरू झाली. काशीकाकूंनी तुळशाला जेवायला बोलावलं. पुरणपोळ्यांचा बेत होता. तुळशाचं पोट भरलं. तो नको नको म्हणत असताना काकूंनी आणखी एक पोळी त्याच्या पानात टाकली.

"काकू, ही मुद्दाम वाढलीत का?"

"मुद्दाम नाही तर काय! नवरदेवाला आग्रह नको?"

झालं. तुळशाने दोन पोळ्या उचलल्या आणि काकूंच्या तोंडात कोंबल्या. काकूंचा सोमवारचा उपास होता. लग्न होऊन आल्यापासून एकदाही मोडला नव्हता. काकूंना बोलायचं होतं, पण तोंडात पुरण होतं.

"आरं गाढवा," आई म्हणाली, "ती आपली माणसं! आपल्या माणसांवर कुणी सूड घेतं का? सूड घ्यायचा तो दुश्मनाचा."

"दुश्मन ओळखायचा कसा?"

"जो चारचौघांत आपली फजिती करतो अन् वर सगळ्यांना हसवतो, तो दुश्मन. अन् त्याच्या अंगाला हात लावायचा न्हाई. त्याची सगळ्यात लाडकी वस्तू उचलून आणायची, म्हंजे रडतो तो."

आईच्या डोळ्यांसमोर दगडू होता. पण तिने नाव घेतलं नाही, आणि नाव न घेता सांगितलेलं तुळशाला कधी कळलंय?

तो चावडीवरून चालला होता. पाटील म्हणाले, "काय नवरदेव, नवी टोपी? जुनी पोहायला शिकली का न्हाई अजून?" चावडी खो खो हसली. तुळशाही हसला आणि थेट पाटलांच्या वाड्यावर गेला. पाटलांचा जीव त्यांच्या झोपाळ्यावर होता, हे अख्ख्या गावाला ठाऊक. तुळशाने तो कड्यांसकट काढून घरी आणला.

पाटील दुपारचे जेवले. पानाचा डबा हातात घेतला आणि रोजच्या सवयीने, मागे वळून न बघता, झोपाळ्यावर बसले.

त्यांच्या किंकाळीने आईच्या हातातलं लाटणं पडलं. अंगणात झोपाळा पाहिल्यावर तिला सगळं कळलं.

"आधी परत दे जा तो! हे बघ तुळशा, नीट ऐक. समोरचा रडला की सूड पुरा झाला. मग वस्तू लगीच परत द्यायची, हात जोडून. त्यापुढं ठेवली तर ती चोरी."

"बरं आई."

लग्नाचा दिवस उजाडला. अक्षता पडल्या. शिरपतरावांची छाती दोन वेळा फुगली, एकदा लेकीकडे बघून आणि एकदा जावयाकडे. मग कानपिळीची वेळ झाली. नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो, बहिणीला नीट नांदव म्हणून बजावतो, अशी आपली रीत. सगुणाच्या भावाने तुळशाचा कान धरला आणि असा पिळला की सगळा मांडव हसला.

तुळशाने कान चोळला. "मेव्हणे, मुद्दाम पिळलात?"

"मुद्दामच! मान हाय माझा तो!"

"बरं. तुमचं सगळ्यात लाडकं काय आहे हो?"

"माझी बहीण. जीव हाय माझा तिच्यावर."

"मग मी तिला घेऊन जाणार."

"न्या की! त्यासाठीच तर लगीन लावलंय." मांडव पुन्हा हसला. दोनदा हसला म्हटल्यावर तुळशाला शंकाच उरली नाही.

गृहप्रवेशाची तयारी करायला आई वऱ्हाड घेऊन पुढे निघाली. मागून तुळशा आणि सगुणाची बैलगाडी निघणार होती.

आईने उंबरठ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं. ओवाळायचं ताट हातात घेतलं. शेजारणी जमल्या. दिवस कलताना गाडी आली. तुळशा एकटाच उतरला.

"आरं, सून कुठाय?"

"परत दिली."

"काय दिली?"

"अगं, वेशीपाशी बघतो तर मेव्हणे रडतायत. सासरे रडतायत. बायका तर पदर लावून लावून रडतायत. म्हटलं, सूड पुरा झाला. आता ठेवली तर चोरी होईल. लगेच खाली उतरवली आणि हात जोडून दिली."

"अन् सासरं काय म्हणाले?"

"रडायचे थांबले. मग काठी शोधायला लागले. मी म्हटलं, राहू द्या, आभार कसले."

आई मटकन बसली ती मापातच. तांदूळ अंगणभर झाले. तुळशाने मागे वळून गाडीकडे पाहिलं. गाडीत नुसता पेंढा होता. ते पाहून तो भोकाड पसरून रडायला लागला.

रडता रडता मधेच थांबला. डोळे पुसले.

"आई, आता मी रडतोय. म्हणजे त्यांचाही सूड पुरा झाला ना? मग सगुणाला कधी परत देतील?"

आई सांडलेले तांदूळ गोळा करू लागली. तेव्हा शेजारच्या गावी नीट ऐकू जावं म्हणून तुळशा घराच्या कौलांवर चढला आणि तिथून रडू लागला.