फुकटचं घुंगरू

फार पूर्वी, डोंगरावर अजून रस्ते पडले नव्हते तेव्हा, हरणांच्या एका कळपात काजळी नावाची म्हातारी हरिणी पहाऱ्याची प्रमुख होती. तिच्यासारखी पहारेकरीण मी तरी दुसरी ऐकली नाही.

एकदा कोल्ह्याने सगळ्या हरणांना गळ्यात बांधायला घुंगरं वाटली, तीही फुकट. कळप खूश झाला. दुसऱ्या दिवशी काजळीने मात्र हुकूम काढला, "एरवी खुशाल मिरवा. पण पहाऱ्यावर जाताना घुंगरू काढून ठेवायचं."

"काजळीमावशी, एवढ्याशा घुंगराला काय भ्यायचं?" शेलाट्या नावाचा तरणा पहारेकरी कुरकुरला.

"घुंगराला नाही रे. पाडसं कुठे लपवलीत ते तुझ्या पायांना ठाऊक आहे, त्याची भीती वाटते."

शेलाट्याने तोंड वाकडं करत घुंगरू फांदीला अडकवलं.

दोन दिवसांनी कोल्हा आला आणि अगदी काळजीच्या सुरात म्हणाला, "काय रे शेलाट्या, परवापासून करवंदीच्या जाळीकडे तुमच्यातलं कोणी फिरकत नाही?"

शेलाट्याच्या अंगावर काटा आला. पाडसं त्याच जाळीत होती, आणि तो आत्ताच तिथला पहारा संपवून आला होता, फक्त घुंगराशिवाय.

कोल्ह्याची पाठ वळताच त्याने धावत जाऊन काजळीला सगळं सांगितलं. त्या संध्याकाळी पाडसांना नव्या जागी नेताना सगळ्यांच्या पुढे शेलाट्या होता, आणि त्याच्या पायाखालचा पाचोळासुद्धा वाजत नव्हता.