पैठणी आणि खिसेवाली कुर्ती

कपाटं बोलायची त्या काळची ही गोष्ट; म्हणजे फार तर गेल्या लग्नसराईची. हेमांगी नावाच्या गुरांच्या डॉक्टरीणबाईंच्या कपाटात एक जांभळी पैठणी राहायची. वर्षातून एकदा बाहेर पडायची आणि उरलेले दिवस शेजारच्या सुती कुर्तीची शिकवणी घ्यायची.

"बाईच्या अंगावर कुठे फुगवटा दिसता कामा नये. आणि तुला चक्क दोन खिसे! काय गं भरतेस त्यांत?"

"किल्ल्या, मोबाइल, एखादं इंजेक्शन," कुर्ती म्हणायची.

"शी! डौल म्हणून काही असतो की नाही?"

मग बहिणीच्या लग्नात हेमांगी पैठणी नेसली. हातात अक्षता घ्यायच्या, म्हणून तिने स्कूटरच्या किल्ल्या पदराला बांधल्या आणि मोबाइल कमरेला खोचला. पदरावरच्या मोरांच्या गळ्यात किल्ल्या लोंबताना पाहून पैठणीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मंगलाष्टकं सुरू झाली आणि तिकडे गावात कुणाची तरी म्हैस अडली. मोबाइल असा थरथरला, की निऱ्याच सुटल्या! हेमांगीने एका हाताने निऱ्या सावरल्या, दुसऱ्याने मोबाइल. अक्षता गेल्या पुढच्या मावशींच्या अंबाड्यात.

घरी येऊन तिने पैठणी पलंगावर टाकली, कुर्ती चढवली, खिसे भरले आणि म्हशीकडे धावली.

संध्याकाळी कुर्ती शेणाचे डाग मिरवत परतली. पैठणीने नाक मुरडलं नाही.

"व्याली का गं नीट?"

"हो, पैठणीबाई. पारडी झाली."

पैठणीने इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "तुझा शिंपी बसतो कुठे?"