तीन हवांची पेटी

एका राज्यात एकाच दिवशी चार तऱ्हेची हवा नांदे. राज्यच तेवढं अफाट. उत्तरेचे लोक दारातला बर्फ फावड्याने बाजूला सारत, त्याच घटकेला पश्चिमेच्या रणातले लोक फेटा गुंडाळून सावली शोधत, आणि पूर्वेला पावसाचं इरलं पाठीवरून उतरत नसे. मधोमध राजधानी. तिथे ना थंडी बोचे, ना ऊन लागे. राजधानीकरांना याचा भारी अभिमान, जणू ती हवा त्यांनीच घरी करून ठेवली होती.

मार्गशीर्ष हा तिथे सुटीचा महिना. सगळं राज्य घराला कुलूप घालून हवापालटाला निघे. डोंगरातले रणात जात, रणातले पूर्वेच्या हिरवाईत, राजधानीकर सगळीकडे. रीत मात्र एकच होती. पाहुण्याने वेशीवर थांबायचं आणि विचारायचं, "इथली हवा कशी?" यजमानाने ती सांगायची आणि तिथलं पांघरूण पाहुण्याला घालायचं, उत्तरेला घोंगडी, पश्चिमेला फेटा, पूर्वेला इरलं. मग पाहुण्याने म्हणायचं, "आता मी इथला." त्यानंतरच पाऊल आत.

राजा सुखकेतू हौशी प्रवासी होता, पण निघे तो सगळं घर पाठीवर घेऊन. स्वतःची गादी, स्वतःचा आचारी, घागरीत स्वतःच्या विहिरीचं पाणी. हिमशिखरापुढे उभा राहून तो विचारी, "आज पिठलं आहे ना?" त्याला सगळं जग पाहायचं होतं, फक्त ते राजधानीसारखं असावं एवढीच अट होती. घोंगडी टोचते, फेटा जड होतो, इरल्याला वास येतो, अशी त्याची कुरकुर बारमाही चाले.

एका वर्षी राणी शालवती माहेरी गेली असताना वातभट नावाचा जादूगार दरबारात आला. त्याने रुप्याची एक पेटी राजापुढे ठेवली.

"महाराज, हिच्यात राजधानीची हवा भरली आहे. वेशीवर झाकण उघडा. नजर जाईल तिथवर घरची हवा पसरेल."

"आणि तिथली हवा?"

"ती पेटीत येईल. घरची हवा बाहेर पडली की आत जागा होतेच."

ती परत कधी जाईल, हे राजाने विचारलंच नाही. सुटीच्या घाईत माणूस असली चौकशी करत नाही.

त्या मार्गशीर्षात राजा उत्तरेला गेला, पश्चिमेला गेला, पूर्वेला गेला. तिन्ही वेशींवर त्याने ना कुणाला विचारलं, ना काही पांघरलं. झाकण उघडलं आणि सदरा घालून आत शिरला. पेटीने बर्फ गिळला, रणाची झळ गिळली, पूर्वेची झड गिळली. तिसऱ्या वेळी झाकण मिटलं ते पुन्हा उघडेना, आणि पेटी कमरेला जी चिकटली ती सुटेना.

राजा परतला. राणीने पाट मांडला, ताट वाढलं. राजा पाटावर टेकला आणि लगेच उठला. पेटीतल्या तिन्ही हवांना घरी जायचं होतं. त्या आत घिरट्या घालत, तशी राजाची पावलं बाहेर घिरट्या घालत. त्याला बसता येईना, उभं राहता येईना. तो चालत निघाला आणि चालतच राहिला.

अशी सात वर्षं गेली. राजा वाऱ्याच्या वेगाने राज्यभर फिरे, चालताचालताच झोपे. वर्षातून दोनदा राजवाड्यातून जाई, तेव्हा राणी शेजारून धावत त्याला घास भरवी. नवऱ्याने एकदा समोर बसून जेवावं, एवढंच तिचं मागणं उरलं होतं. राज्यात सगळीकडे हवा छान होती. बर्फ नव्हता म्हणून नद्या आटल्या, झळ नव्हती म्हणून मिठागरात मीठ धरेना, झड नव्हती म्हणून भात उगवेना. छान हवेत लोक उपाशी बसले होते.

आठव्या मार्गशीर्षाच्या पहिल्या दिवशी वाड्याच्या हौदावर परीट पक्षी उतरला. त्याचं शेपूट एक क्षणही स्थिर नव्हतं.

"राणी, मी डोंगरापलीकडचा," तो म्हणाला. "थंडी पाठीला लागली की निघायचं, हा आमच्या कुळाचा नेम. सात वर्षं थंडीच नाही. कधी निघावं, कधी परतावं कळत नाही. माझा जीव थाऱ्यावर नाही."

"माझाही नाही," राणी म्हणाली. "उपाय सांग."

"राजाने तिन्ही वेशींवर तो प्रश्न विचारायला हवा. यजमानाने उत्तर द्यायला हवं. राजाने पांघरूण घालून ती हवा अंगावर घ्यायला हवी. मार्गशीर्ष सरेपर्यंत मुदत आहे. त्यानंतर पावलं राजाचं ऐकणार नाहीत. ती त्याला दक्षिणेच्या समुद्रात नेतील, आणि समुद्र कुणाला परत पाठवत नाही."

राणीने घोडा मागवला. वाड्यातून राजा जाऊ लागला तशी ती त्याला उपाय सांगत बरोबर निघाली, आणि परीट पुढे.

उत्तरेच्या वेशीवर हेमाई नावाची म्हातारी मेंढपाळ बसली होती. राजा तिच्याभोवती गोल गोल चालू लागला, कारण थांबणं त्याला शक्यच नव्हतं.

"हेमाई, इथली हवा कशी?"

"सात वर्षांनी विचारतोस?" म्हातारी म्हणाली. "चालायचं तर चाल, पण पुरतं ऐक." मग ती सांगू लागली. पहिला बर्फ मेंढीच्या पाठीवर कसा बसतो, कुठला बर्फ करकरतो आणि कुठला पाय गिळतो, तिचा मुलगा कुठल्या वळणावर गेला, वसंतात त्याच वळणावर पाणी कसं वाजतं. राजाने आजवर कुणाचं एवढं ऐकलं नव्हतं. ऐकताऐकता त्याची पावलं मंदावली, आणि मुलाच्या गोष्टीपाशी थांबली. हेमाईने घोंगडी त्याच्या खांद्यावर टाकली. ती टोचली.

"आता मी इथला," राजा म्हणाला. पेटीचं झाकण किलकिलं झालं आणि बर्फ बाहेर आला. गुडघाभर बर्फात राजा दिवसभर कुडकुडत उभा राहिला. दुसऱ्या दिवशी पावलं पुन्हा निघाली, पण थोडी सावकाश.

पश्चिमेला रणमल मिठागरात उभा होता. तिथे नुसतं खारं पाणी साचलं होतं.

"रणमलजी, इथली हवा कशी?"

"कामाच्या वेळी मी बोलत नाही," रणमल म्हणाला. "पाय थांबत नाहीत ना? बरं झालं. दाताळं ओढा." त्याने राजाच्या डोक्याला फेटा बांधला, हातात लाकडी दाताळं दिलं आणि स्वतः बांधावर बसला. "आता ऐका."

राजा वाफ्यातून येरझारा घालत दाताळं ओढू लागला आणि रणमल सांगत गेला. राजाने "आता मी इथला" म्हटलं तशी झळ बाहेर पडली. वाफे तापले, पाणी उडालं, राजाच्या तळव्यांना फोड आले. दिवस कलताना दाताळ्याखाली पांढरं मीठ चुरचुरलं. रणमलने चिमूटभर उचलून जिभेवर ठेवलं आणि तो मान फिरवून रडला. राजालाही रडू आलं. ते मीठ होतं, की फोड, की लाज, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

पूर्वेला पोहोचेतो महिन्याचे चारच दिवस उरले होते. मेघली नावाची बाई कोरड्या शेतात उभी होती. राजाने विचारलं. तिने पाठ फिरवली. त्याने पुन्हा विचारलं. ती पायाने कोरडं ढेकूळ फोडत राहिली. राणी घोड्यावरून उतरली आणि चिखल नसलेल्या त्या बांधावर मेघलीपाशी बसून राहिली. संध्याकाळ व्हायला आली.

"बाई, चूक माझी," राजा तिसऱ्यांदा म्हणाला. "इथली हवा कशी, ते मला माहीत नाही. सांगा."

मेघलीने इरलं त्याच्या डोक्यावर ठेवलं. "झाकणाखाली राहत नाही, अशी," ती म्हणाली.

"आता मी इथला."

पेटी सताड उघडली आणि झड सुटली. राजा रात्रभर भिजला. इरल्याला वास येत होता. तो त्याबद्दल काही बोलला नाही.

पेटी कमरेवरून गळून पडली. पावलं मात्र थांबली नाहीत. परतीच्या वाटेवर राजधानी जवळ आली तेव्हा मार्गशीर्षाचा शेवटचा दिवस उजाडला, आणि राजाची पावलं दक्षिणेकडे वळू लागली.

"परीटा, तू खोटं बोललास," राणी म्हणाली.

"मी त्या तीन वेशींचं सांगितलं," परीट म्हणाला. "चार तऱ्हेची हवा आहे तुमच्या राज्यात. राजाने तीनच ठिकाणी विचारलं."

राणीने घोडा दौडवला तो थेट राजधानीच्या वेशीवर. राजा वेशीशेजारून दक्षिणेला जाणार, तोच ती आडवी उभी राहिली. तिने रस्त्यातच पाट मांडला. राजाने तिच्याकडे पाहिलं. आपल्या घरी असं काही विचारावं, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

"राणी," तो चालताचालता म्हणाला, "इथली हवा कशी?"

"इथे गुदमरतं," राणी म्हणाली. "सात वर्षं रोज दोन ताटं वाढते. एक माझ्यापुढे निवतं, एक तसंच उचललं जातं. खिडकीतून वारा छान येतो, त्याचा मला राग येतो. तुम्ही जग पाहून येता आणि मला एकदाही विचारत नाही, अशी इथली हवा."

तिने आपल्या खांद्यावरची शाल काढून त्याच्या अंगावर घातली.

"आता मी इथला," राजा म्हणाला, आणि पाटावर बसला.

पावलं बसली. राणीही समोर बसली. दोघं वेशीवर, भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत जेवली. उत्तरेच्या बर्फात परीटाच्या पाठीला थंडी लागली होती. आपण आलो ते योग्य वेळी, हे त्याला आता पटलं. तो निवांत हौदाकडे गेला.

वातभटाला शिक्षा झाली ती अशी, की त्याने त्याच वेशीवर बसावं आणि सुटीला निघालेल्या प्रत्येकाला सांगावं, "गेल्यावर आधी विचारा." तो अजून सांगतो. निम्मे लोक ऐकतात. राजाने पुढच्या मार्गशीर्षात आचारी बरोबर नेला नाही, राणीला नेलं. घोंगडी त्याला शेवटपर्यंत टोचतच राहिली. सात वर्षं चाललेली ही कहाणी एका पाटावर बसली, ती तिथेच स्थिरावली.