परतीचं कारण

“मंग, परत काहून आला तू?” सुदामबाबांनी विचारलं.

डॉक्टर विश्राम इंगोले गडबडले नाहीत. या प्रश्नाचं उत्तर त्यांना तोंडपाठ होतं. लंडनचं मोठं इस्पितळ सोडून त्यांनी मेळघाटात दवाखाना थाटला, याचं जिल्हाभर कौतुक होतं. परवा अमरावतीला सत्कार व्हायचा होता. त्याआधी सिपना नदीकाठच्या या साधूचा आशीर्वाद घ्यावा, म्हणून ते आले होते.

“मातीचं ऋण होतं, बाबा.”

बाबा चुलीत काटक्या सारत राहिले.

“इथे डॉक्टर टिकत नाहीत. माणसं हकनाक मरतात.”

“तू गेला तव्हा मरत नव्हती काय?”

डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उठून जावंसं वाटलं. पण बाबांच्या आवाजात टोमणा नव्हता…

डॉक्टर बसूनच राहिले.

“तिकडे माझ्या वॉर्डात एक म्हातारे होते. मूळचे वाशीमचे. सारा जन्म तिकडे गेलेला, इंग्रजी फर्डं. शेवटी शेवटी मात्र ते सगळं पुसून गेलं. एकच घोकायचे, ‘माय, दार लाव ना वं… थंडी लागून रायली.’ नर्सेसना वाटायचं, वात झालाय. मला कळलं. मी दार लावलं. तेव्हा कुठे शांत झाले… आणि गेले.”

“मंग?”

“मग मला भीती वाटली, बाबा. माझ्या वेळी दार कोण लावणार? …म्हणून आलो. बाकी सगळं भाषणातलं.”

हे त्यांनी आजवर बायकोलाही सांगितलं नव्हतं.  बाबांनी चहाचा पेला पुढे सरकवला.

इतक्यात काठी टेकत एक कोरकू म्हातारी अंगणात आली. तिच्या पायाची जखम डॉक्टरांनीच कालपरवा शिवली होती. त्यांना पाहून ती समोर बसली, त्यांचा हात हाती घेऊन कोरकूत काहीतरी विचारू लागली.

डॉक्टरांना एक अक्षरही कळलं नाही. दवाखान्यातल्या सवयीने ते हसले, मान डोलावून म्हणाले, “हो, हो.”

म्हातारीने हात सोडला. थोडा वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. मग काठी उचलून निघून गेली.

“काय म्हणत होती?”

चूल विझत आली होती. बाबांनी फुंकर घातली नाही.

“‘तू पण निघून जाशील काय,’ असं विचारलं तिनं… तू हो म्हणाला.”