स्क्रीन बंद करून सापडलेली चूक

एकदा एक छान चाललेला खेळ दिवसातून दोन-तीनदा कोसळू लागला. खेळ संगणकावरचा, पण त्यात चित्र एकही नाही; सारे अक्षरांत. ‘उत्तरेकडे जा’ असे लिहावे, की पुढचे गाव शब्दांतून समोर येई. ठिकठिकाणची दोनशे माणसे एकाच वेळी त्यात वावरत, आणि खेळ कोसळला की सगळीच्या सगळी बाहेर फेकली जात.

हा खेळ एका वृद्ध गुरुजींनी रचलेला. त्यांच्याकडे प्रोग्राम लिहायला शिकणारा एक शिष्य होता. हुशार, आणि हुशारीइतकाच उतावळा. त्याने नोंदी तपासल्या. प्रत्येक वेळी शेवटची आज्ञा एकाच खेळाडूची निघाली. महिन्यापूर्वी आलेली ही कुमुदिनी नावाची बाई खेळातल्या धर्मशाळेत बसून वाटसरूंना पाणी देत असे. शिष्याने तिला खोडसाळ ठरवून तिचा प्रवेश बंद केला. खेळ सुरळीत चालू लागला, सगळ्यांनी शिष्याची पाठ थोपटली आणि स्वारी खूश झाली.

दोन दिवसांनी कुमुदिनीबाईंचे पत्र आले. त्या जन्मांध होत्या. संगणक स्क्रीनवरचा मजकूर त्यांना वाचून दाखवी, तो ऐकून त्या खेळत. आपले काय चुकले ते सांगावे, आपण पुन्हा तसे करणार नाही, असे त्यांनी विनवले होते. शेवटी लिहिले होते, ‘कुणाचा हात न धरता मी फिरते असे हे एकच गाव आहे.’

शिष्य वरमला, पण हट्ट सोडीना. बाईंबद्दल वाईट वाटते, म्हणाला, पण एका माणसापायी दोनशे जणांचा खेळ किती वेळा मोडू द्यायचा?

गुरुजींनी वाद घातला नाही. त्यांनी आपल्या संगणकाची स्क्रीन बंद केली, मजकूर वाचणारा आवाज सुरू केला आणि स्वतःच धर्मशाळेत जाऊन पाणी देऊ लागले. शिष्य चक्रावला. चूक शोधायची तर डोळ्यांत तेल घालून कोड वाचायचा, आणि हे तर स्क्रीनच बंद करून बसले होते.

तासाभरात खेळ कोसळला. या वेळी शेवटची आज्ञा खुद्द गुरुजींची होती.

“पाणी दे म्हटले की आपला प्रोग्राम पेला भरून थेट समोरच्याला देतो,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “आज्ञा देण्याआधीच वाटसरू निघून गेला, तर तुला ते दिसते आणि तू थांबतोस. बाईंच्या कानी मात्र तो गेल्याची ओळ मागाहून पडते, तोवर त्यांनी आज्ञा दिलेली असते. मग प्रोग्राम नसलेल्या माणसाला पाणी द्यायला जातो आणि कोसळतो. समोर कोणी आहे का, हे पाहण्याचे काम माझ्या कोडचे होते. ते मी केलेच नाही. इतकी वर्षे खेळाडूंचे डोळे माझी चूक सांभाळून घेत होते. बाईंना ते शक्य नव्हते, म्हणून चूक उघडी पडली. आणि अरे, आपण दार लावले ते त्यांच्याच तोंडावर.”

स्वतःच्या हातची चूक शिष्यासमोर इतक्या सहज कबूल करणाऱ्या या म्हाताऱ्याचे मला फार कौतुक वाटते. आपल्यापैकी किती जणांना हे जमेल?

दुरुस्ती दोन ओळींची होती. देण्याआधी वाटसरू जागेवर आहे का ते पाहायचे. नसेल तर तसे सांगून पेला देणाऱ्याच्याच हाती ठेवायचा. त्या ओळी शिष्याने लिहिल्या, तपासल्या, आणि मग कुमुदिनीबाईंना स्वतः फोन करून क्षमा मागितली.

त्या परतल्या त्या दुपारी शिष्य वाटसरू होऊन धर्मशाळेत शिरला. त्या तिथे असल्याची ओळ त्याला क्षणात दिसली. तो आल्याची ओळ मात्र त्यांच्या कानी पोहोचायची होती. तो हात मांडीवर ठेवून थांबला. बऱ्याच वेळाने अक्षरे उमटली, ‘कुमुदिनी तुम्हाला पाणी देते.’ तो उतावळा मुलगा पाणी प्यायला, आणि मगच पुढे निघाला.