बोलक्या झाडांचा शाप
एका राज्यात पश्चिमेकडून वाळू चालत येई आणि दरसाल एक गाव गिळी. राजा रत्नध्वजाने कालकंठ नावाच्या मांत्रिकाला शरण जाऊन उपाय मागितला. मांत्रिकाने हजार बिया दिल्या. त्या पेरताच झाडे उठली, वाळू थबकली. पण राजाचे समाधान होईना. "क्षितिजापर्यंत हिरवे हवे!" असे म्हणून त्याने मांत्रिकाला कोंडले आणि दहा हजार बिया करवून घेतल्या.

सुटून जाताना मांत्रिक म्हणाला, "घे. ही झाडे तुझे सारे पाणी पितील. आणि जो कोणी हे राज्य सोडून जाईल, त्याची वाणी एकेका झाडाला फुटेल. मग त्यांच्यावर कुऱ्हाड उचलायला कोणाचा हात धजेल?"

राजाने बिया पेरल्या आणि तसेच झाले. विहिरी आटल्या, माणसे गेली, शेवटी राजाही गेला. उरली एकटी राजमाळीण उत्पला आणि एक विहीर. दिवसभर ती झाडांशी बोले. घळीतल्या खैरातून परदेशी गेलेली तिची आई साद घाली, "उत्पले, जेवलीस का ग?" त्या एका प्रश्नावर तिचा दिवस निघे.

एके सकाळी विहिरीच्या काठावर एक टिटवी उतरली.

"बाई, पाणी किती उरले?"

"हातभर."

"मग शाप मोडायला तीन कामे कर. पाण्याला विचार, ते किती झाडे पोसेल. उरलेली तोड. मग वर्षभर काहीही लावू नकोस."

उत्पला दोर धरून विहिरीत उतरली. पाणी म्हणाले, "दहांतले एक."

ती कुऱ्हाड घेऊन निघाली. टेकाडांच्या माथ्यावरची, वारा अडवणारी झाडे तिने राखली. बाकीची विनवत होती, रडत होती, तिला नावाने हाका मारत होती. ती तोडतच राहिली. खैर घळीत होता. तिथे वारा नव्हता.

"जेवलीस का ग?" खैराने विचारले.

"जेवले, आई," ती खोटे बोलली, आणि घाव घातला.

शेवटचे झाड पडले, तशी राखलेली झाडेही मुकी झाली. तिने फांद्या वाळूवर आडव्यातिडव्या अंथरल्या. आता वाऱ्याखेरीज कसलाही आवाज नव्हता. कधी कधी ती स्वतःचेच नाव मोठ्याने उच्चारी, विसरू नये म्हणून. फांद्यांच्या आडोशाला गवत आपणहून उगवले. विहिरीचे पाणी हात हात वर चढले.

वर्ष सरले. शाप सुटल्याची वार्ता टिटवीने दूरदेशी नेली. माणसे परतली, कित्येक नवीही आली. राजा मान खाली घालून आला. त्याने मांत्रिकाची क्षमा मागितली आणि आज्ञा काढली, की पाण्याला विचारल्यावाचून कोणी रोप लावू नये.

उत्पला दूर टेकाडावर उभी राहून धूर निघणाऱ्या चुली पाहत होती. तिची आई परदेशीच वारली होती. इतक्यात एक अनोळखी कुंभारीण चढ चढून धापा टाकत आली.

"बाई, पान वाढले आहे. चला."

माणसाच्या तोंडून आलेला शब्द तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. कुंभारणीने तिचा हात धरला, तेव्हा ती टेकाड उतरू लागली.